पूड खाली, कॉफी वर

शेजारच्या अक्का मूळच्या शिवमोग्ग्याच्या. लग्न होऊन बेळगावच्या टिळकवाडीत आल्या त्याला आता इतकी वर्षं झाली की भाजीवाल्याशी घासाघीस त्या मराठीतून करतात आणि रागावतात मात्र कन्नडमधून. पावसाळ्यातल्या एका दुपारी त्या सहज म्हणून आल्या आणि मी काचेच्या फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याला लावलेल्या जाळीनं पूड तळाशी दाबणाऱ्या भांड्यात, कॉफी केली. दांडा खाली दाबला, दोघींचे कप भरले, उरलेली तशीच भांड्यात राहिली. गप्पा लांबल्या. अर्ध्या तासानं उरलेली ओतली तेव्हा अक्कांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि काचेतून दिसणाऱ्या तळाच्या काळ्या थराकडे बघत म्हणाल्या, "पूड अजून पाण्यातच बसलीय की ओ. मग डिकॉक्शन उतरलं कधी?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. घरात रोज फिल्टर लावणाऱ्या बाईला जे दिसणार ते त्यांना दिसलं होतं. फिल्टरच्या वरच्या डब्यात पूड राहते, खालच्या डब्यात डिकॉक्शन थेंब थेंब पडतं, आणि एकदा पडलं की त्याचा पुडीशी संबंध संपतो. माझ्या भांड्यात तो संबंध संपतच नव्हता. त्या गेल्यावर मी तळाशी राहिलेला घोट चाखून पाहिला. पहिल्या कपात अजिबात नसलेला एक कोरडा कडवटपणा जिभेच्या मागं चिकटून राहिला. आणि नेमका त्याच आठवड्यात मी दुहेरी भिंतीचा, तासभर कॉफी गरम ठेवणारा स्टीलचा प्रेस घ्यायच्या विचारात होते. काचेत गार होत चाललेली कॉफी पुडीवर बसून इतकी कडू होत असेल, तर जे भांडं तिला गरमच ठेवणार, त्यात ती आणखी कडू होणार. कारण गरम पाणी पुडीतून जास्त वेगानं ओढून घेतं.

मग मी नेमकं काय विकत घेत होते?

स्टीलचा विचार मुळात मामांमुळं, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळं, सुरू झाला. त्यांचं सगळं आयुष्य उद्यमबागेत गेलं, लेथवर आणि नंतर तपासणीच्या टेबलावर. मायक्रोमीटर धरलेला हात कधी हलला नाही असं आत्या, म्हणजे सासूबाई, अजून अभिमानानं सांगतात. आता त्या हाताला कंप आहे. काचेचं भांडं उचलताना ते दुसरा हात खाली धरायला जातात, काच चटका देते, आणि ते काही न बोलता भांडं परत ठेवतात. "तूच ओत ग," एवढंच म्हणतात. शिवाय त्यांचं पिणं सावकाश. सकाळी पेपर उघडला की आधी निधन वार्तांचं पान. फाउंड्रीतले, मशीनशॉपमधले, पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंतचे ओळखीचे चेहरे त्या पानावर अधूनमधून भेटतात. एखादा भेटला की मामा चष्मा काढून जरा वेळ बसून राहतात. तोवर कप गार. जुलैत आमच्याकडे फरशीसुद्धा पायाला ओली लागते, तिथं काचेतल्या कॉफीचा काय पाड. पुन्हा गरम केलेली कॉफी त्यांना चालत नाही, आणि त्यात त्यांचं अगदी बरोबर आहे. दुसऱ्यांदा गॅसवर चढलेल्या कॉफीचा वास उडतो आणि फक्त करपटपणा उरतो.

खरं तर आमच्या दोन्ही घरांत कॉफीची चाल नव्हती. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. पाऊस सुरू झाला की कौलांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज गणपतीपर्यंत थांबायचा नाही, आणि त्या आवाजात दिवसभर गवती चहाचं आधण उकळत असायचं. कॉफी निघायची ती रात्री. कुणाचं जागरण, कुणाची परीक्षा, कुणाला ताप येऊन तोंड बेचव झालेलं. आई सहाणेवर जायफळ दोन वेढे उगाळायची, ते दुधात जायचं, त्यावर कॉफीची चिमूट, आणि साखर सढळ हातानं. त्या कॉफीनं झोप उडायची नाही, उलट गुंगी यायची. जायफळाचा तो उबदार, जरासा औषधी वास मला आजही आजारपणाशी आणि लाडाशी एकाच वेळी जोडलेला वाटतो. मग कधीतरी बाबांबरोबर बेळगावला वह्यापुस्तकं आणायला आले तेव्हा उडुपी हॉटेलात पहिल्यांदा खरी कॉफी समोर आली. बाबांनी बाय-टू, म्हणजे एकीचे दोन कप, सांगितली होती. कडक, तपकिरी रंगाची, वर फेस, आणि त्या फेसाखाली एक कडू धार. मला ती इतकी आवडली की घरी आईला सांगताना जीभ अडखळली. तिनं उगाळलेल्या जायफळाचा मी काहीतरी अपमान करते आहे असं वाटलं. आजही दोन्ही आवडतात आणि दोन्हींना मी कॉफीच म्हणते, पण एकीची तहान दुसरीनं भागत नाही.

प्रेसची कॉफी ही तिसरीच. दुधाची गरज नसलेली, पातळ दिसणारी पण जिभेवर जड लागणारी. कागदी गाळणीत अडकून राहणारं कॉफीचं तेल इथं धातूच्या जाळीतून सरळ कपात उतरतं, म्हणून हा जडपणा. या भांड्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये १८५२ साली मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी दांड्याला गाळणी लावून ती खाली ढकलायच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. पण गाळणीची कड आणि भांड्याची भिंत यांच्यामधून पूड निसटते, ही खरी अडचण. मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांच्या १९२९च्या पेटंटात जाळीच्या कडेला गोल स्प्रिंग आली, आणि ती स्प्रिंग जाळीला भिंतीशी घट्ट दाबून धरू लागली. आजच्या कुठल्याही प्रेसचा दांडा उलगडला की वरची चकती, ती वळणावळणाची स्प्रिंग, मधली बारीक जाळी आणि खालची भोकांची पट्टी असेच भाग हातात येतात. मामांना मी हे सगळं टेबलावर मांडून दाखवलं. त्यांनी स्प्रिंग बोटावर चढवून फिरवली, एका जागी ती जरा पसरली होती तिथं अंगठा ठेवला आणि म्हणाले, "इथनं येतोय बघ तुझा गाळ." कपाच्या तळाला रोज दिसणाऱ्या चिखलाचं कारण असं नेमकं बोटावर सापडलं.

मग भांड्याचा शोध. गणपत गल्लीत, खडे बाजारात भांड्यांच्या दुकानांना काही तोटा नाही. कुकरपासून लग्नाच्या हंड्यांपर्यंत सगळं मिळतं. पण कॉफीचा प्रेस म्हटलं की समोर दाक्षिणात्य फिल्टर येतो, नाहीतर काचेचा प्रेस. एका दुकानदारानं प्रेमानं थर्मासच काढून दिला. "ह्यात ठेवा की वहिनी, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही." त्यामुळं स्टीलचे प्रेस बहुतेक मागवूनच बघावे लागले. पहिला जो आला त्याच्यावर दुहेरी भिंत असं ठळक लिहिलं होतं. उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलं आणि बाहेरून हात लावला, तर भांडं चांगलंच तापलेलं. भिंती दोन होत्या, पण मध्ये नुसती हवा. हवासुद्धा थोडी उष्णता अडवते, चटका कमी बसतो, पण कॉफी गरम राहायची तर त्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असावी लागते. जेम्स ड्यूअरनं १८९२च्या सुमारास प्रयोगशाळेत अतिथंड द्रव सांभाळायला जी निर्वात बाटली केली, तीच ही युक्ती. दवाखान्यात पेज न्यायचा आपला थर्मास त्याच घराण्यातला. निर्वात आहे असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाही असंच मी आता धरते. तो प्रेस परत गेला. विकणाऱ्यानं पैसे परत करायला बरेच दिवस लावले.

दुसरा आला तेव्हा मामा आधीच तयार बसले होते. मी फ्रीजवरचं लोहचुंबक आणलं, कारण चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही असं मी लहानपणापासून ऐकलेलं. मामांनी ते माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं. "चुंबकानं काय कळतंय? दोनशे दोन नंबर पण चिकटत नाही की. आणि तीनशे चार दाबून वाकवलं तर कोपऱ्याला थोडं ओढतंय." कितीतरी वर्षांनी ते इतकं सलग बोलले. तीनशे चार म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं ते, पाकिटावर १८/८ लिहितात ते. दोनशे दोनमध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं. स्वस्त पडतं, पण गंजाला तितकं टिकत नाही. कॉफी किंचित आंबट असते, आमच्या पावसात हवा कायम दमट, आणि जाळीच्या सांध्यात पाणी अडकून बसतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. मामांनी भांडं उजेडाकडं धरून आतली शिवण बघितली, तोटीच्या मुळाशी बोट फिरवलं, झाकण लावून दांडा वरखाली केला. दांडा डुगडुगत होता. "हे पण नको," म्हणाले. मला ते भांडं दिसायला आवडलं होतं, तरी मी काही बोलले नाही. टेबलाशी बसलेला तो माणूस त्या क्षणी पुन्हा तपासणीच्या टेबलावर होता, आणि त्यांचा हात तेव्हा जवळजवळ हलत नव्हता.

या सगळ्यात अक्कांचा प्रश्न मागं पडला नव्हता. उत्तर शोधायला मी एक साधी गोष्ट केली. एकाच वेळी केलेली कॉफी अर्धी प्रेसमध्येच ठेवली, अर्धी ताबडतोब थर्मासमध्ये काढली, आणि तासाभरानं दोन्ही आत्यांच्या पुढ्यात ठेवल्या. आत्या कॉफीच्या बाबतीत निःपक्षपाती आहेत, कारण त्यांना ती आवडतच नाही. त्यांनी प्रेसमधल्या कपाचा एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "चहापत्ती पातेल्यातच राहू दिली की असंच होतंय," म्हणाल्या आणि दुसरा कप अर्धा प्यायल्या. दांडा दाबला की पूड तळाशी कोंडली जाते आणि उतरण्याचा वेग बराच मंदावतो, पण तो थांबत नाही. अक्कांनी बरोबर हेरलं होतं. तेव्हा निर्वात भिंतीचं काम कॉफी तासभर सांभाळायचं नाहीच. तिचं काम त्या पहिल्या चार मिनिटांचं आहे, जेव्हा पूड आणि पाणी एकत्र असतात. काचेच्या पातळ भांड्यात, त्यातही पावसाळी सकाळी, त्या चार मिनिटांतच पाणी बरंच गार होतं आणि कॉफी पुरती उलगडत नाही, आंबटसर आणि अपुरी लागते. स्टीलमध्ये ती शेवटपर्यंत गरम पाण्यात भिजते. पुढं कॉफी गरम राहते तो वरचा फायदा, आणि तोही पहिल्या वीसेक मिनिटांपुरता घ्यावा. त्याहून जास्त थांबायचं असेल तर ती ओतून दुसरीकडं काढावी. तसंही या भांड्याला थर्मासची सर येत नाही. झाकण एकेरी, त्यात दांड्यासाठी भोक, तोटी उघडी. उष्णता वरून निघून जातेच.

एकदा हे कळल्यावर मापाचा प्रश्न आपोआप सुटला. मी आधी एक लिटरचा बघत होते, घरात माणसं येतात-जातात म्हणून. प्रेसवर आठ कप लिहिलेलं असतं ते सव्वाशे मिलीलिटरचे छोटे कप, आपले मग नव्हेत, त्यामुळं मोठा घ्यावा असंच वाटत राहतं. पण मोठ्या भांड्यात दोघांपुरती केली तर जाळी कॉफीपर्यंत नीट पोचत नाही, रिकाम्या स्टीलच्या भिंती पाण्याची उष्णता ओढून घेतात, आणि भरून केली तर उरते. उरली की पुन्हा तेच कडवटपण. अर्ध्या लिटरचा पुरतो. त्यात तीस ते तेहतीस ग्रॅम पूड, म्हणजे एकास पंधराच्या आसपास. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून हातात चारशे-सव्वाचारशे येतं. माझा एक मग, मामांचा एक. पाहुणे आले तर दुसऱ्यांदा करावी. तेवढ्या वेळात बोलणं होतं.

पुडीसाठी मात्र खरी खटपट पडली. कॉफी भाजून दळून देणाऱ्या दुकानात शिरलं की तो वास आधी अंगावर येतो, मग माणसं दिसतात. तिथं रोजची गिऱ्हाइकं फिल्टरची. सत्तर-तीस द्या, ऐंशी-वीस द्या, एवढंच बोलणं. तीस किंवा वीस ती चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड. फिल्टरला ती शोभते, डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देते, दुधासाखरेत तर तिचा गोडसर कडवटपणा हवाच. प्रेसमध्ये चिकोरी विरघळून सगळं पाणी गढूळ करते आणि कॉफीची स्वतःची चव खाली दडपते. मी म्हटलं, चिकोरी नको, नुसती अरॅबिका, आणि जाडसर दळा. दुकानातल्या काकांनी यंत्रावरचा हात थांबवून विचारलं, "जाडसर म्हणजे केवढं ओ? फिल्टरातनं धावत खाली जाईल की." मी बारीक रव्याकडून जाड रव्याकडं बोट सरकवत गेले. फिल्टरची पूड बारीक असते म्हणून पाणी त्यातून हळू उतरतं. तीच प्रेसमध्ये घातली तर जाळी बुजते, दांडा खाली जाईना होतो, आणि जोर लावला तर गरम पाणी बाजूनं उसळून हातावर येतं. काकांनी थोडीशी दळून तळहातावर घेतली, बोटांनी चोळून बघितली, यंत्राची खूण आणखी दोन घरं पुढं सरकवली. चिकमगळूरकडच्या बिया होत्या. बाबाबुडानांच्या डोंगरावरचं पीक आपल्या राज्यातलं, इथून एका दिवसाच्या वाटेवरचं, आणि आम्ही खानापुरात ते जायफळाखाली दडवून प्यायचो. याचं वाईट वाटावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही सुख होतं.

पाण्याचं इथं एक बरं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर, त्यामुळं आपल्याकडं पाणी शंभरला न उकळता साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कॉफीला बहुतेक जण ९२ ते ९६ सांगतात. म्हणजे गॅस बंद केला, अर्धा मिनिट थांबलं, की झालं. त्या अर्ध्या मिनिटात मी थोडं गरम पाणी प्रेसमध्ये घोळवून टाकून देते, कारण निर्वात असली तरी आतली भिंत सकाळी गारच असते आणि पहिली उष्णता तीच खाते. मग पूड, मग पाणी. ताजी पूड फुगून वर येते, तपकिरी साय धरते, तिच्यात बुडबुडे फुटतात. काचेत हे बाजूनं दिसायचं. स्टीलमध्ये वरून डोकावून बघावं लागतं, आणि हे एक सुख खरंच गेलं. मामांना ते बघायला आवडायचं. चार मिनिटांनी चमच्यानं साय मोडायची, पूड खाली बसू द्यायची, वरचा फेस काढून टाकायचा, आणि दांडा नुसत्या हाताच्या वजनानं उतरवायचा. तळापर्यंत रेटायचा नाही. शेवटचा दोन बोटं गाळ भांड्यातच राहू द्यायचा.

मामांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. जाळीतून जे तेल उतरतं त्यात कॅफेस्टॉल असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं, आणि कागदी गाळणी ते बरंचसं अडवते. त्यांच्या रिपोर्टात तो आकडा आधीच वर आहे. म्हणून त्यांना सकाळचा एकच मग, बाकी दिवसभर चहा. ते कुरकुरले नाहीत. त्या एका मगाबरोबर मात्र चमचाभर कुंदा लागतो म्हणतात, आणि साखरेच्या रिपोर्टाकडं बघून मी तो रविवारपुरता ठेवलाय. कोऱ्या कडू कॉफीचा घोट आणि त्यावर तपकिरी, रवाळ, जळक्या साखरेच्या वासाचा कुंदा. हे दोन आमच्या गावात इतकी वर्षं शेजारी असून एकमेकांना भेटले कसे नव्हते याचं मला खरोखर नवल वाटतं.

शेवटी जो ठरला तो अर्ध्या लिटरचा, निर्वात भिंतीचा, आतून-बाहेरून तीनशे चार, बाहेरून कोरा, नक्षी नाही. मूठ रुंद, चार बोटं सहज शिरतात आणि धरताना बोटांची पेरं भिंतीला टेकत नाहीत. मामांनी भरलेला प्रेस एका हातानं उचलून स्वतःचा मग स्वतः भरला तेव्हाच तो पास झाला. त्याहून सुबक, त्याहून स्वस्त असे दोन मी नाकारले ते एकाच कारणानं: त्यांची जाळी सुटी मिळत नव्हती. जाळी ही झिजणारी गोष्ट आहे. रोज उलगडून धुवायची, आठवड्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून तेल काढायचं, तरी वर्षा-दोन वर्षांत कडेचे धागे सुटतात आणि स्प्रिंग सैल पडते. भांडं वीस वर्षं राहील आणि जाळीअभावी माळ्यावर जाईल, असलं काही घरात आणू नये. यासोबत एक जादा जाळी मागवली आहे. मामांनी ती तेल पुसून, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे.